किरिन लागर : हरवलेली आणि परत आलेली चव

जानेवारी १९९६. जपानमधील सर्वांत मोठ्या बिअर कंपनीने आपल्या सर्वांत जुन्या आणि सर्वाधिक खपाच्या बिअरची घडण बदलली. बाटली तीच राहिली, लेबलावरचा पौराणिक प्राणीही तोच राहिला. बदलली ती आतली बिअर. तोवर बाटलीत भरल्यानंतर तापवून निर्जंतुक केली जाणारी ही बिअर यापुढे न तापवता, केवळ गाळून विकली जाणार होती. तरुण गिऱ्हाईक वळवण्यासाठी चवही थोडी हलकी करण्यात आली. कंपनीच्या दृष्टीने ही काळाबरोबर टाकलेली पावले होती. तीस-चाळीस वर्षे तीच बिअर पिणाऱ्या माणसांना मात्र आपल्या ताटातला एखादा ओळखीचा पदार्थ कोणी न विचारता काढून नेल्यासारखे वाटले. त्यानंतर काही महिन्यांतच या बिअरचे अनेक दशकांचे अग्रस्थान गेले, आणि पाच वर्षांनी कंपनीला जुन्या पद्धतीची बिअर वेगळ्या नावाने पुन्हा बाजारात आणावी लागली.

ही कथा आहे 'किरिन लागर'ची. १८८८ मध्ये जन्मलेल्या या बिअरचा इतिहास हा बऱ्याच अंशी आधुनिक जपानचाच इतिहास आहे. परकीयांसाठी खुले झालेले बंदर, जर्मन तंत्र, जपानी भांडवल, भूकंप, महायुद्ध, सुबत्ता आणि बाजारातील चुरस या साऱ्यांच्या खुणा तिच्यावर उमटल्या आहेत.

लागर म्हणजे काय?

'लागर' हा शब्द जर्मन भाषेतील साठवणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला. युरोपात पूर्वापार बिअरचे दोन मोठे वर्ग आहेत. पहिल्या वर्गातील बिअर साधारण खोलीच्या तापमानाला, तीन-चार दिवसांत आंबते. तिचे यीस्ट आंबताना वर तरंगते. दुसऱ्या वर्गातील यीस्ट थंडाव्यात, सुमारे ६ ते १२ अंश सेल्सिअस तापमानात संथपणे काम करते आणि शेवटी तळाशी बसते. त्यानंतर ही बिअर शून्य अंशाच्या आसपास काही आठवडे, प्रसंगी महिनोन् महिने मुरवत ठेवतात. या मुरण्याच्या काळात कच्चेपणाचा वास जातो, गढूळपणा खाली बसतो आणि चव गोलाईला येते. हीच लागर.

बव्हेरियातील बिअरवाले यासाठी डोंगरातील गुहा वापरीत आणि हिवाळ्यात तलावांवरचा बर्फ कापून साठवीत. १८७०च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांच्या शीतयंत्रामुळे बारमाही थंडावा शक्य झाला. त्याच सुमारास लुई पाश्चर यांनी बिअर का नासते याचा उलगडा केला. त्यांचा बिअरविषयक ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. बाटलीबंद बिअर सुमारे ६० अंशांपर्यंत तापवून थंड केली की तिच्यातील उरलेसुरले जंतू मरतात आणि ती दूरच्या प्रवासातही टिकते. थंडावा आणि पाश्चरीकरण या दोन आधारांवरच लागर जगभर पोहोचली. जपानमध्ये ती आली तीही नेमक्या याच काळात.

योकोहामाचा झरा

अमेरिकी आरमाराच्या दबावाखाली जपानने आपली दारे उघडली आणि १८५९ मध्ये योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले. खलाशी, व्यापारी, वकिलातींचे अधिकारी असे परदेशी लोक तेथे राहू लागले. त्यांना लागणारी बिअर युरोपातून जहाजाने यायची. विषुववृत्त ओलांडून आलेली ही बिअर महाग असायची आणि पुष्कळदा बिघडलेलीही.

ही गरज विल्यम कोपलँड या गृहस्थांनी ओळखली. ते मूळचे नॉर्वेतील आरेंडाल गावचे, जन्म १८३४चा. नॉर्वेत असतानाच त्यांनी एका जर्मन बिअरकाराच्या हाताखाली उमेदवारी केली होती. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी नाव बदलले, नागरिकत्व घेतले आणि १८६४ मध्ये ते योकोहामात दाखल झाले. १८७० मध्ये यामाते टेकडीवर, अमानुमा या स्वच्छ झऱ्याशेजारी त्यांनी 'स्प्रिंग व्हॅली ब्रुअरी' सुरू केली. बर्फाचे यंत्र हाताशी नव्हते म्हणून त्यांनी टेकडीच्या पोटात सुमारे २१० मीटर लांबीचे भुयार खोदून घेतले आणि त्या थंडाव्यात बिअर मुरवली. बव्हेरियातील गुहेची युक्ती अशी प्रशांत महासागराच्या काठी अवतरली. आपल्या घराच्या आवारात त्यांनी बिअर पिण्यासाठी बागही उघडली. स्थानिक जपानी लोक या पेयाला झऱ्याच्या नावावरून ओळखू लागले.

कोपलँड यांचा हात तंत्रात जितका तयार होता, तितका व्यवहारात नव्हता. एमिल वीगांड या दुसऱ्या बिअरकाराशी त्यांनी १८७६ मध्ये भागीदारी केली. ती वादात संपली, प्रकरण न्यायालयात गेले आणि १८८४ मध्ये कारखान्याचे दिवाळे निघाले. कोपलँड यांचे १९०२ मध्ये योकोहामातच निधन झाले. तेथील परदेशी नागरिकांच्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे. त्यांच्या कारखान्याची विहीर आज कितागाता प्राथमिक शाळेच्या आवारात जपलेली आहे, आणि शेजारच्या छोट्या उद्यानात या उद्योगाच्या जन्माचे स्मारक उभे आहे.

परदेशी हात, जपानी भांडवल

बंद पडलेल्या त्या जागेवर १८८५ मध्ये 'जपान ब्रुअरी कंपनी' उभी राहिली. तिची नोंदणी हाँगकाँगमध्ये झाली होती. या उभारणीमागे नागासाकीत नाव कमावलेले स्कॉटिश व्यापारी थॉमस ग्लोव्हर होते. जपानी बाजूने मित्सुबिशी घराण्याचे यानोसुके इवासाकी यांनी भाग घेतले. यंत्रसामग्री जर्मनीतून आली, माल्ट आणि हॉप्सही तेथूनच आले आणि बिअर रांधण्यासाठी हेर्मान हेकर्ट हे जर्मन तज्ज्ञ नेमले गेले. इंग्लिश पद्धतीची बिअर करावी की जर्मन, असा प्रश्न जपानमध्ये त्या वेळी खुला होता. जपान ब्रुअरीने जर्मन लागरचा मार्ग पत्करला.

मे १८८८ मध्ये ही बिअर 'किरिन बिअर' या नावाने बाजारात आली. विक्रीची मक्तेदारी मेइदिया या पेढीकडे होती. १९०७ मध्ये मित्सुबिशी आणि मेइदिया यांच्या पुढाकाराने जपानी भांडवलाची 'किरिन ब्रुअरी कंपनी' स्थापन झाली आणि तिने परदेशी कंपनीचा सारा व्यवसाय विकत घेतला.

जपानमधील पहिली बिअर म्हणून मात्र किरिनचे नाव घेता येत नाही. उत्तरेकडील होक्काइदो बेटावर वसाहत खात्याने १८७६ मध्ये सरकारी कारखाना काढला होता. जर्मनीत शिकून आलेले सेइबेइ नाकागावा तेथे बिअर करीत. त्यांची 'सप्पोरो' बिअर १८७७ मध्ये विक्रीस आली आणि आज टिकून असलेल्या जपानी बिअरनामांत तीच सर्वांत जुनी आहे. लेबलावरील लाल ताऱ्यामुळे तिला आजही 'आकाबोशी', म्हणजे लाल तारा, या लाडक्या नावाने मागतात. किरिन आणि आकाबोशी या जपानी लागरच्या दोन जुन्या शाखा.

लेबलावरचा प्राणी

त्या काळी युरोपातून येणाऱ्या बाटल्यांवर लांडगा, मांजर असे प्राणी छापलेले असत. तेव्हा आपल्या बिअरवर पूर्वेकडील एखादा प्राणी असावा, ही सूचना मित्सुबिशीचे हेइगोरो शोदा यांची. त्यातून 'किरिन'ची निवड झाली. किरिन हा चिनी पुराणकथांमधून जपानमध्ये आलेला प्राणी. त्याचे अंग हरणाचे, शेपटी बैलाची, खूर घोड्याचे. थोर पुरुष जन्माला येणार असेल किंवा सदाचारी राजाचे राज्य असेल तेव्हाच तो दर्शन देतो, अशी श्रद्धा. तो चालताना गवताचे पातेही चिरडत नाही, असे सांगतात. गंमत अशी की आजच्या जपानी भाषेत जिराफालाही 'किरिन'च म्हणतात. मात्र बाटलीवर आहे तो पुराणातला.

१८८९ मध्ये लेबल नव्याने रेखाटण्यात आले आणि किरिनला मध्यभागी मोठे स्थान मिळाले. पुढच्या काळात तपशील बदलत गेले, पण ढाचा तोच राहिला. या चित्राच्या बारीक रेषांत, आयाळीत आणि शेपटीत, 'कि', 'रि', 'न' ही तीन जपानी अक्षरे दडवलेली आहेत. बनावट लेबले ओळखता यावीत म्हणून ती घातली असे काही जण सांगतात, तर ही चित्रकाराची गंमत असल्याचे इतरांचे म्हणणे. जपानी घरांत वडिलांच्या बाटलीवरची ही अक्षरे शोधणे हा मुलांचा आवडता खेळ होऊन बसला.

भूकंप, युद्ध आणि ६३३ मिलिलिटर

१ सप्टेंबर १९२३च्या महाभूकंपाने योकोहामा शहर उद्ध्वस्त केले. यामाते टेकडीवरील मूळ कारखानाही त्यात कोसळला. कंपनीने तो तेथे पुन्हा बांधला नाही. शहराच्या नामामुगी भागात १९२६ मध्ये नवा कारखाना सुरू झाला. तो आजही चालू आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बिअर शिधावाटपाखाली गेली. १९४३ मध्ये सर्व कंपन्यांची नावे लेबलांवरून पुसली गेली आणि प्रत्येक बाटलीवर केवळ 'बिअर' एवढाच शब्द उरला. किरिन, आसाही, सप्पोरो हा भेद कागदोपत्री संपला. नावे परत आली ती १९४९ मध्ये.

जपानी बिअरच्या मोठ्या बाटलीचे माप ६३३ मिलिलिटर असते. या विचित्र आकड्याचे मूळही याच काळात सापडते. १९४० मध्ये मद्यकराची फेररचना झाली तेव्हा कारखान्याकारखान्यांतून वेगवेगळ्या मापांच्या बाटल्या वापरात होत्या. मोजणीत सर्वांत मोठी बाटली सुमारे ६४४ मिलिलिटरची निघाली, तर सर्वांत लहान सुमारे ६३३ मिलिलिटरची. मोठ्या बाटलीत कमी बिअर भरता येते, लहान बाटलीत जास्त भरता येत नाही. हा सरळ हिशेब करून १९४४ मध्ये सर्वांत लहान माप प्रमाण ठरले. जुन्या बाटल्या फेकाव्या लागल्या नाहीत आणि कर आकारणेही सोपे झाले. टंचाईच्या काळातील हा काटकसरी निर्णय आजतागायत टिकून आहे.

घराघरांतील बिअर

युद्धोत्तर काळात दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाने आर्थिक मक्तेदाऱ्या मोडण्याचे धोरण आखले. त्यानुसार १९०६ पासून बाजारावर वर्चस्व गाजवणाऱ्या 'दाय निप्पोन' या बलाढ्य बिअर कंपनीचे १९४९ मध्ये दोन तुकडे झाले. त्यांतूनच आजच्या आसाही आणि सप्पोरो या कंपन्या निघाल्या. किरिनला मात्र धक्का लागला नाही.

त्यानंतर जपानी समाजच बदलला. पगार वाढले, शहरे फुगली आणि १९६०च्या दशकात शीतकपाट घराघरांत पोहोचले. उपाहारगृहात क्वचित पिण्याचे पेय असलेली बिअर रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर आली. गल्लीतल्या 'साकाया'चा, म्हणजे मद्याच्या दुकानदाराचा, पोऱ्या २० मोठ्या बाटल्यांचे खोके घरपोच आणून देई आणि रिकाम्या बाटल्या परत नेई. बाटलीमागे ५ येन अनामत असे. किरिनने या घरगुती गिऱ्हाइकावर आणि गल्लीतल्या दुकानदारावर भर दिला होता. त्याचे फळ तिला मिळाले. १९५४ मध्ये किरिन देशात पहिल्या क्रमांकावर आली, १९७२ मध्ये तिचा बाजारातील वाटा ६० टक्क्यांपुढे गेला आणि १९७६ मध्ये ६३.८ टक्के झाला.

हे यश इतके मोठे होते की तेच अडचणीचे ठरू लागले. जपानच्या मक्तेदारीविरोधी कायद्यात १९७७ मध्ये दुरुस्ती झाली आणि एखादी कंपनी बाजार व्यापून बसली तर तिचे विभाजन करण्याची तरतूद आली. किरिनवर टांगती तलवार होती. माल विकावा, पण फार विकू नये, असा अवघड तोल कंपनीला त्या काळात सांभाळावा लागला. जाहिरातीतही तिने हात आखडता घेतला. विकण्याची धडपडच न उरलेल्या कंपनीची सवय बिघडते, हे पुढे दिसून आले.

त्या काळच्या किरिनची चव कशी होती? पहिल्या घोटाला हॉप्सचा कडवटपणा जिभेवर ठसठशीत उतरायचा. त्यामागे माल्टचा भरदारपणा असायचा आणि कडवटपणाची शेवटची रेघ घोट गिळल्यानंतरही रेंगाळत राहायची. माल्टच्या जोडीला तांदूळ, मका आणि स्टार्च वापरल्यामुळे ही बिअर मूळ जर्मन लागरपेक्षा घशातून उतरताना हलकी लागते. तापवल्यामुळे ताज्या बिअरचा तजेला किंचित कमी होतो, पण चवीला एक शांत, बसलेला भाव येतो. लोणी आणि तूप यांत जसा फरक असतो, तसाच काहीसा हा फरक. कोणते चांगले हा प्रश्न नसून जिभेला कशाची सवय आहे हा प्रश्न आहे.

'नामा'चा वाद

आपल्याकडे 'ड्राफ्ट' बिअर म्हटले की पिंपाच्या नळातून मगमध्ये ओतलेली बिअर डोळ्यांपुढे येते. जपानमध्ये 'नामा', म्हणजे कच्ची किंवा ताजी बिअर, हा शब्द तिच्यावर झालेल्या प्रक्रियेशी बांधलेला आहे. ती पिंपात आहे, बाटलीत आहे की डब्यात, याला महत्त्व नाही.

पूर्वी बाटलीबंद बिअर तापवणे अटळ होते. तापवली नाही तर आत उरलेले यीस्ट पुन्हा कामाला लागे. १९६७ मध्ये सनतोरी कंपनीने 'जुन नामा' ही न तापवलेली बाटलीबंद बिअर आणली. अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून यीस्ट काढून टाकण्याचे तंत्र त्यांनी वापरले होते. यीस्टच नाही तर ती बिअर 'कच्ची' कशी, असा आक्षेप प्रतिस्पर्ध्यांनी घेतला. हा वाद बारा वर्षे चालला. अखेर १९७९ मध्ये बिअरच्या लेबलांविषयीची नियमावली ठरली आणि उष्णतेची प्रक्रिया न केलेली बिअर म्हणजे 'नामा', अशी व्याख्या रूढ झाली. साठवणुकीत मुरवलेली बिअर म्हणजे 'लागर', अशीही नोंद त्यात झाली. म्हणजे व्याख्येनुसार एकच बिअर लागरही असू शकते आणि नामाही.

लोकांच्या मनात मात्र वेगळेच समीकरण बसले. किरिन तापवलेली होती आणि ती 'लागर' म्हणून ओळखली जात होती. त्यामुळे लागर म्हणजे तापवलेली, कडवट, वडिलधाऱ्यांची बिअर, आणि नामा म्हणजे ताजी, तरुण बिअर असा समज पसरला. १९८०च्या दशकात डबाबंद नामा बिअरचा खप झपाट्याने वाढू लागला, तेव्हा या समजुतीची किंमत किरिनला मोजावी लागली.

'सुपर ड्राय'चा तडाखा

१९८५ मध्ये आसाही कंपनीचा वाटा १० टक्क्यांच्याही खाली घसरला होता. तिच्या नावाचा अर्थ 'सकाळचा सूर्य'. बाजारात तिला 'मावळता सूर्य' म्हणून हिणवले जात होते. गमावण्यासारखे काही उरलेले नसलेल्या या कंपनीने मार्च १९८७ मध्ये 'सुपर ड्राय' आणली. साखर अधिक आंबवून गोडवा जवळजवळ संपवलेली, किंचित जास्त मद्यांशाची, घशात झटकन उतरून मागे काहीच न ठेवणारी ही नामा बिअर होती. पहिल्याच वर्षी तिची १ कोटी ३५ लाख खोकी विकली गेली. तेलकट, मसालेदार जेवणाकडे वळलेल्या नव्या पिढीला ती मानवली.

किरिनने १९८८ मध्ये स्वतःची 'ड्राय' काढून पाहिली, ती चालली नाही. १९९०ची 'इचिबान शिबोरी' मात्र यशस्वी ठरली. माल्टच्या लगद्यातून आपोआप निथळणाऱ्या पहिल्या रसापासून केलेली ही बिअर आजही कंपनीची मुख्य बिअर आहे. तरीही विक्रीचा कणा जुनी लागरच होती आणि ती दरवर्षी झिजत होती. ग्राहक म्हातारे होत आहेत, नवे येत नाहीत, तेव्हा लागरलाच 'नामा' करावे, हा तर्क कागदावर बिनतोड होता. जानेवारी १९९६ मध्ये तो अमलात आला.

परिणाम उलटा झाला. सुपर ड्राय पिणारे तरुण लागरकडे आले नाहीत, कारण त्यांच्या हाती अस्सल होती. जुने निष्ठावंत मात्र दुरावले, कारण त्यांच्या हातची गेली. १९९६च्या उन्हाळ्यात मासिक विक्रीत सुपर ड्रायने किरिन लागरला मागे टाकले. १९९७ मध्ये तर संपूर्ण वर्षाच्या विक्रीतही सुपर ड्राय देशातील पहिल्या क्रमांकाची बिअर झाली. २००१ मध्ये बिअर आणि 'हाप्पोशू' यांच्या एकत्रित विक्रीत आसाही कंपनी किरिनच्या पुढे गेली. १९५४ पासून चालत आलेले किरिनचे अग्रस्थान तेव्हा संपुष्टात आले.

कोचीतील गाऱ्हाणे

या पडझडीच्या काळातील एक प्रसंग जपानी व्यापारजगतात वारंवार सांगितला जातो. शिकोकू बेटावरील कोची हा प्रांत तेथील माणसांच्या पिण्याच्या हौसेसाठी प्रसिद्ध. तेथील किरिन शाखेचे व्यवस्थापक जुन तामुरा यांनी नंतर आपल्या अनुभवांवर पुस्तक लिहिले. ते २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि खूप वाचले गेले. दुकाने आणि खानावळी पायाखाली घालताना त्यांना एकच तक्रार ऐकू येई : लागरची चव परत द्या. शाखेने ही मागणी लावून धरली आणि ती थेट कंपनीच्या अध्यक्षांपर्यंत पोहोचवली. १९९८ मध्ये कंपनीने लागरची चव पूर्वीच्या कडवटपणाकडे वळवली. मात्र तापवण्याची जुनी पद्धत मुख्य लागरला परत मिळाली नाही.

ती मिळाली २००१ मध्ये, वेगळ्या नावाखाली. 'किरिन क्लासिक लागर' या बिअरसाठी कंपनीने १९६५च्या सुमाराची चव नमुन्यादाखल समोर ठेवली आणि पाश्चरीकरणाची जुनी प्रक्रिया पुन्हा अवलंबिली. आज त्यामुळे बाजारात किरिनच्या दोन लागर शेजारी शेजारी दिसतात. 'किरिन लागर' ही ५ टक्के मद्यांशाची, न तापवलेली. 'क्लासिक लागर' ही ४.५ टक्के मद्यांशाची, तापवलेली. क्लासिकचा खप कंपनीच्या इतर बिअरच्या मानाने फार मोठा नाही. पण ज्या खानावळींत ती मिळते, तेथे फलकावर तिचे नाव अभिमानाने लिहिलेले असते. सप्पोरोची आकाबोशीही आजवर तापवूनच बाटलीत भरली जाते. जपानमधील तापवलेल्या लागरची परंपरा आज मुख्यत्वे या दोन बाटल्यांनी जिवंत ठेवली आहे.

पिण्याची रीत

जपानी बैठकीत बसल्या बसल्या पहिले वाक्य असते 'तोरिआएझु बीरु', म्हणजे 'आधी बिअर तर येऊ द्या, बाकीचे मग बघू'. जुन्या लागरची मजा मोठ्या बाटलीत आहे, असे जाणकार मानतात. बाटली सामायिक असते आणि पेले लहान. स्वतःचा पेला स्वतः भरण्याचा प्रघात नाही. शेजाऱ्याचा पेला रिता दिसला की आपण ओतायचे, आपला तो भरतो. कनिष्ठाने वरिष्ठाला ओतताना बाटली दोन्ही हातांनी धरावी आणि लेबल वर ठेवावे, हा शिष्टाचार. मग 'कानपाय' म्हणून पहिला घोट.

सोबत मीठ लावून उकडलेल्या सोयाबीनच्या हिरव्या शेंगा, कोळशावर भाजलेले कोंबडीचे तुकडे किंवा तळलेले मासे असतात. कडवट लागर तेलकटपणा धुऊन काढते आणि मिठाने तिच्यातील माल्टचा गोडवा वर येतो. अति थंड केली तर तिची चव मुकी होते. शीतकपाटातून काढून क्षणभर थांबलेली बाटली अधिक बोलकी असते.

कर आणि प्रकृती

जुन्या लागरपुढील आणखी एक आव्हान करातून आले. जपानमध्ये बिअरवरील कर माल्टच्या प्रमाणाशी जोडलेला होता. त्यातून पळवाट म्हणून कमी माल्टची स्वस्त 'हाप्पोशू' १९९४ मध्ये निघाली आणि पुढे माल्टच नसलेली पेयेही आली. १९९४ हेच जपानमधील बिअरच्या खपाचे शिखर वर्ष. त्यानंतर उतरण लागली. २०१८ मध्ये 'बिअर' म्हणवून घेण्यासाठीची माल्टची किमान अट दोनतृतीयांशावरून निम्म्यावर आणली गेली. पाठोपाठ कर समान करण्याची योजना तीन टप्प्यांत आखण्यात आली. ३५० मिलिलिटर बिअरवरील कर ऑक्टोबर २०२० मध्ये ७७ वरून ७० येनांवर आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ६३.३५ येनांवर आला. ऑक्टोबर २०२६च्या टप्प्यासाठी सर्व प्रकारांना एकच ५४.२५ येनांचा दर ठरवण्यात आला. अस्सल माल्टच्या बिअरला ही सुधारणा अनुकूल आहे.

दुसरीकडे, पिण्याविषयीची सावधगिरी वाढते आहे. जपानमध्ये २० वर्षांखालील व्यक्तीला मद्यपानास कायद्याने मनाई आहे. आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. दिवसाला पुरुषांनी ४० ग्रॅम आणि स्त्रियांनी २० ग्रॅम किंवा त्याहून अधिक शुद्ध मद्यार्क घेतल्यास जीवनशैलीशी निगडित आजारांचा धोका वाढतो, असे त्यात म्हटले आहे. क्लासिक लागरच्या एका मोठ्या बाटलीत सुमारे २३ ग्रॅम मद्यार्क असतो. बाटली वाटून पिण्याची जुनी रीत या हिशेबातही शहाणपणाची ठरते.

किरिनने २००९ आणि २०२० मध्ये आसाहीकडून अग्रस्थान काही काळापुरते परत मिळवले, तेही जुन्या लागरच्या बळावर नव्हे. विक्रीच्या तक्त्यात क्लासिक लागर आता फार वर दिसणार नाही. तरीही एका बलाढ्य कंपनीला आपला निर्णय मागे घ्यायला लावणारी ही चव आहे. खानावळीच्या कोपऱ्यात बसून लेबलावरची तीन अक्षरे शोधणाऱ्या माणसासाठी ती अजून बाटलीत भरली जाते.

महत्त्वाचे टप्पे

१८७० : योकोहामात कोपलँड यांचा बिअर कारखाना
१८८५ : त्याच जागी जपान ब्रुअरी कंपनीची स्थापना
१८८८ : 'किरिन बिअर' बाजारात
१९०७ : किरिन ब्रुअरी कंपनीची स्थापना
१९२३ : महाभूकंपात मूळ कारखाना उद्ध्वस्त
१९४३-४९ : लेबलांवरून कंपन्यांची नावे लुप्त
१९७६ : बाजारातील वाटा ६३.८ टक्के
१९८७ : आसाहीची 'सुपर ड्राय'
१९९६ : किरिन लागर 'नामा' झाली
२००१ : 'किरिन क्लासिक लागर'च्या रूपाने जुनी पद्धत परत